इर्शाळवाडी यादीत नव्हती, पण म्हणून अंदाजशास्त्र खोटे ठरत नाही

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबवावे लागले. तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक विधान सतत फिरते: ‘ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, म्हणजे नकाशे कुचकामी आहेत, दरड कधी कोसळेल हे कोणालाच सांगता येत नाही आणि उगाच माणसे हलवली तर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही.’

वाडी यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितले होते. मात्र यादी म्हणजे नकाशा नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशव्यापी संवेदनशीलता नकाशे, म्हणजे कोणत्या उतारावर दरडीची शक्यता किती हे दाखवणारे नकाशे, १:५०,००० या प्रमाणावर आहेत, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे पन्नास मीटर. एवढ्यात एखादी अख्खी वाडी चार-पाच मिलिमीटरांत मावते. कोणत्या डोंगररांगेची बारकाईने पाहणी आधी करावी हे ठरवायला तो नकाशा उत्तम. अमुक घर सुरक्षित आहे असे सांगण्यासाठी तो काढलेलाच नाही. शिवाय दरड सुटते वरच्या उतारावर आणि माणसे दगावतात पायथ्याशी. राडारोडा किती दूर वाहत येईल याचे गणित वेगळे असते, आणि ते केले नाही तर वस्तीखालची जमीन सपाट आहे एवढ्यावरून वाडी निर्धोक वाटते. या सगळ्या छटा पुसून ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी गावांची यादी केली, की यादीबाहेरच्या प्रत्येक गावाला नकळत अभय मिळते. माझ्या मते खरा दोष इथे आहे.

‘कधी’ हे सांगता येत नाही, हा दावा अर्धाच खरा आहे. घटका-पळे सांगता येत नाहीत, पण कोणत्या पावसानंतर उतार धोक्यात येतो हे सांगता येते. मुरलेल्या पाण्याने मातीतील दाब वाढतो आणि तिची पकड सुटते. म्हणून आजच्या सरीइतकाच मागच्या काही दिवसांचा पाऊस मोजावा लागतो. इर्शाळवाडीची दरड कोसळण्याआधीच्या तीन दिवसांत तिथे सुमारे ४९९ मिलिमीटर पाऊस पडल्याचे सरकारने सांगितले होते. हाँगकाँगमध्ये १९७२ आणि १९७६ च्या भीषण दरडींनंतर १९७७ पासून पावसाच्या मोजणीवर आधारलेले इशारे दिले जात आहेत.

राहिला खोट्या इशाऱ्यांचा मुद्दा. ही भीती रास्त आहे आणि तिला बगल देता कामा नये. स्थलांतराची पर्जन्यमर्यादा, म्हणजे जेवढा पाऊस झाला की लोकांना हलवायचे तो आकडा, खाली आणली तर फुकट हलवाहलव वाढते, वर नेली तर इशारा न देताच दरड कोसळते. दोन्ही एकदम टाळणारा आकडा अस्तित्वात नाही. कोणती चूक पत्करायची हा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, पण तो घेण्यासाठी लागणारे आकडे त्यांच्यापुढे ठेवणे हे दरडींच्या अंदाजाचे गणिती मॉडेल करणाऱ्यांचे काम. तांबड्या-पिवळ्या रंगांचा नकाशा सोपवून ते संपत नाही. अमुक मर्यादा ठेवली तर एका पावसाळ्यात साधारण किती रात्री लोकांना हलवावे लागेल, मागच्या नोंदींतल्या किती दरडी तरीही हुकल्या असत्या, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर कोणता आकडा दिसताच तहसीलदारांनी पोलीस पाटलांना फोन करायचा, आणि रस्ता नसलेल्या वाडीतून अंधार पडण्याआधी कोणती घरे कोणत्या शाळेत न्यायची, हे एका पानावर साध्या मराठीत लिहून द्यायला हवे.