झिरो माइल जागेवर आहे, म्हणून खंड हलत नाहीत?

'खंड सरकतात हे परदेशी थोतांड' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या नागपूरच्या ग्रुपांवर फिरून राहिला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जमीन सरकत असती तर आपल्या शहरातला झिरो माइलचा खांब सरकला असता. आपल्या भागात याचा एकही पुरावा नाही. हिमालय अनादि काळापासून आहे तिथेच आहे. हा सिद्धांत मांडणारा वेगेनर हवामानखात्याचा माणूस, त्याला शास्त्रज्ञांनीच खोटं पाडलं. आणि शेवटी, जमीन हलतच नाही म्हटल्यावर भूकंप होतात ते धरणांमुळे आणि बोअरवेलमुळे, तेव्हा घरात जादा लोखंड घालायला सांगणारे इंजिनिअर लोकांना लुटतात.

असे मेसेज रोज येतात, मी वाचत नाही. पण आमच्या भाऊजींनी हा वाचला, बेसाला चाललेल्या बांधकामावर ठेकेदाराला ऐकवला आणि कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवती बांधायची लोखंडी कडी) सहा इंचांऐवजी दहा इंचांवर बांधायला सांगितल्या. ताईचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते.

रिंग ही शोभेची वस्तू नाही. कॉलम आडवा हलला की उभ्या सळया बाहेर फुगायला बघतात आणि आतलं काँक्रीट फुटून निसटतं. त्या दोघांना आवळून धरते ती रिंग. बीम आणि कॉलम जिथे भेटतात तिथे ताण सगळ्यात जास्त, म्हणून तिथे रिंगा आणखी जवळ लागतात. रिंगेचं टोकही नुसतं काटकोनात वाकवून भागत नाही, ते आत काँक्रीटमध्ये वळवावं लागतं, नाहीतर धक्क्यात रिंग उघडते. हे सगळं ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असतं. मेसेज वाचून त्यात हात घालायचा नसतो, भाऊजी.

आता धरणांचं. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा संबंध तिथल्या जलाशयाशी आहे, हे भूकंपशास्त्रज्ञच सांगतात. पण पाणी फक्त निमित्त होतं. खडकात आधीच साठलेला ताण ते मोकळा करतं. तो ताण आला कुठून, हे मेसेज लिहिणाऱ्याने विचारलंच नाही. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं (प्लेट्सचं) बनलंय. त्यातला भारताचा तुकडा उत्तरेला आशियावर रेटला जातोय, आणि त्या रेट्याचा ताण पार आतपर्यंत, आपल्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो.

बोअरवेलचं तर बोलूच नये. २२ मे १९९७ ला जबलपूरला भूकंप झाला. जबलपूर आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आत. त्या भूकंपाचं केंद्र जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर होतं. कुणाची बोअर तिथे पोचते?

नागपुरात भूकंपाचा धोका कमी आहे, हे खरं. हिमालयासारखी तुकड्यांची सीमा आपल्या उशाशी नाही. पण नेमकं हेच किल्लारीबद्दल म्हणायचे. दख्खनचा घट्ट खडक, इथे काही होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा धक्का बसला आणि जवळजवळ दहा हजार माणसं गेली, बहुतेक जण दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली. धक्का मध्यम होता. जीव घरांनी घेतले. एवढं आपल्याच राज्यात घडून गेल्यावर लोकांना रिंगा कमी करायला लावणारा मेसेज कुणी लिहूच कसा शकतो, याचा मला मनापासून राग आहे.

झिरो माइल. तो वालुकाश्माचा खांब आणि ते चार घोडे सीताबर्डीपासून दूर गेले नाहीत, कारण सीताबर्डीही त्यांच्याबरोबरच सरकतेय. नागपूर, वर्धा, मुंबई, सगळा भारत एकाच तुकड्यावर आहे. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बर्थवरचा माणूस तासन् तास समोरच दिसतो, म्हणून गाडी नागपूरलाच उभी आहे असं कुणी म्हणत नाही. हालचाल बघायची तर डब्याबाहेरची खूण लागते.

ती खूण उपग्रहांनी दिली. हैदराबाद आणि बंगळुरूला जमिनीत पक्की बसवलेली जीपीएस केंद्रं आहेत. त्यांच्या नोंदींनुसार भारत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. म्हणजे शंभर वर्षांत पाच मीटर. आकडे खोटे म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाचं बघावं. तो देश वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. १९९४ साली ठरवलेले तिथले नकाशाचे निर्देशांक काही वर्षांतच जमिनीशी जुळेनात, म्हणून सरकारला २०२० साठीचे नवे निर्देशांक लागू करावे लागले. जुन्या-नव्यातला फरक सुमारे १.८ मीटर. कुठलंही सरकार थोतांडापायी देशातल्या प्रत्येक जागेचे आकडे बदलत बसत नाही. या एका गोष्टीवर मेसेजचा निम्मा डोलारा कोसळतो.

'आपल्या भागात एकही पुरावा नाही' हे वाक्य विदर्भातल्या माणसाने लिहिलं असेल तर फारच वाईट. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी चुनखडीच्या खडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. वर लहानमोठ्या गोट्यांचा थर आहे. ही हिमनदीची करणी. तळाशी दगड धरून बर्फ सरकतो तेव्हा असे चरे उठतात. १८७० च्या दशकातच भूवैज्ञानिकांनी हे नोंदवून ठेवलंय. मे महिन्यात ज्या चंद्रपूरचा पारा ४७ च्या वर जातो, तिथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदी होती! त्याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमध्येही आहेत. ब्राझीलमधले चरे तर सांगतात की बर्फ आज जिथे अटलांटिक आहे त्या बाजूने आला. बर्फ समुद्रातून वर चढत नाही. म्हणजे तेव्हा तिथे जमीन होती, आणि ती आफ्रिका होती.

बर्फ ओसरल्यावर जंगल वाढलं, त्याचा कोळसा आज उमरेड आणि सिलेवाड्याला निघतो. त्या काळच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची जिभेच्या आकाराची पानं सापडतात. नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी भागातून असे वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले, तेव्हा वेगेनर जन्मलाही नव्हता. हीच पानं अंटार्क्टिकात सापडली. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या ब्रिटिश मोहिमवीर स्कॉटच्या तुकडीजवळ जे सोळा किलो दगड होते, त्यांतही ती होती. या झाडाचं बी वाऱ्याने महासागर ओलांडण्याएवढं हलकं नव्हतं.

सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे दिशा धरतात, आणि त्या दिशेच्या कलावरून ती जागा विषुववृत्तापासून किती दूर होती ते कळतं. दख्खनच्या दगडातली ती दिशा १९५० च्या दशकात मोजली गेली, आणि हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजला होता असं निघालं.

हिमालयाबद्दल फार लिहीत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात तयार झालेला आहे. आपल्या देवघरातले गंडकीचे कित्येक शाळिग्राम म्हणजे समुद्रातल्या अमोनाइट या शंखवाल्या प्राण्यांचे जीवाश्म. म्हणजे आज हिमालय आहे तिथला खडक कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता.

राहता राहिला वेगेनर. हो, तो हवामानशास्त्रज्ञ होता. हो, १९१२ मध्ये त्याने हे मांडलं तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते उडवून लावलं, आणि त्यांचा एक आक्षेप रास्तही होता. खंड कशाने सरकतात याचं वेगेनरने दिलेलं उत्तर चुकलं होतं, ग्रीनलँडचा त्याने धरलेला वेगही फार जास्त होता. १९३० मध्ये तो वारला. पण मेसेज तिथेच थांबतो, विज्ञान थांबलं नाही. समुद्राच्या मधोमध नवा तळ तयार होतो हे भूवैज्ञानिक हेस यांनी १९६२ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा (आळीपाळीने उलटसुलट चुंबकीय दिशा असलेल्या खडकांच्या पट्ट्यांचा) अर्थ लावला. त्या पट्ट्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत, आणि तळ मधून दुभंगून दोन्हीकडे सरकत गेला तरच त्या तशा बनू शकतात.