घसरणीचे इंग्रजी

तीन पानांच्या तिमाही अहवालात मी ‘डिक्रीज’ हा शब्द अकरा वेळा वापरला होता. साहेबांनी त्या प्रत्येकाभोवती तांबडे वर्तुळ काढले आणि कागद परत देताना एवढेच विचारले, “विक्री घटली हे समजलं, पण त्याबरोबर तुमचे शब्दही घटले का?”

त्या रात्री मी समानार्थी शब्दांचा कोश उघडला. ‘डिक्रीज’चा गोतावळा एवढा मोठा असेल, याची मला कल्पना नव्हती. समानार्थी शब्द म्हणजे एकाच मापाचे सदरे, हाताला येईल तो चढवावा, अशी माझी भाबडी समजूत असल्यामुळे मी पहिल्या वर्तुळात ‘अबेट’, दुसऱ्यात ‘वेन’, तिसऱ्यात ‘सबसाइड’ असे ओळीने बसवत गेलो आणि समाधानाने झोपलो.

“अबेट होतं ते वादळ,” दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, “आणि वेन होतो चंद्र, फार तर एखाद्याचा उत्साह. सबसाइड होतो पूर, नाहीतर सूज. आपल्या विक्रीला सूज आली होती का?” (आली होती, पण ती मागच्या तिमाहीत, आणि तो अहवालही मीच लिहिला होता.) वास्तविक हे मला कळायला हवे होते. ताप उतरतो, पूर ओसरतो, विहीर आटते, उत्साह मावळतो आणि गर्दी पांगते. विहीर मावळली किंवा ताप पांगला असे मराठीत मी झोपेतही म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र टक्क जागा राहून मी नेमके तेच केले होते.

मग मी शब्दांच्या मुळाशी जायचे ठरवले, आणि तिथेच खरा घात झाला. ‘प्लमेट’ म्हणजे मुळात ओळंब्याचे शिशाचे वजन, सोडले की सरळ तळाला जाणारे, हे वाचून मी ज्या आकड्याला तो शब्द लावला होता तो पाहिला. घसरण होती तीन टक्क्यांची. तो खोडला. ‘डेसिमेट’ने मात्र मला मोहात पाडले. रोमन सैन्यात एखाद्या तुकडीने बंड किंवा पळपुटेपणा केला, तर चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक सैनिक ठार करण्याची शिक्षा होती आणि लॅटिनमधल्या दहा या आकड्यावरून हा शब्द आला आहे. आमच्या एका वस्तूची विक्री 400 नगांवरून 360 वर आली होती, म्हणजे बरोबर दहांतला एक नग गेला होता. इतका काटेकोर शब्द मला आयुष्यात कधी सापडला नव्हता. तो वाचून साहेबांनी गोदामात फोन लावला आणि आग कधी लागली असे विचारले. आज या शब्दाचा अर्थ ‘जवळजवळ सर्वनाश’ असा घेतात, हे मला त्यानंतर सांगण्यात आले. रोमन सैन्याचा दाखला मी दिला, पण तो कुणी ऐकून घेतला नाही.

मोठ्या शब्दांनी इतका छळ केल्यावर निदान छोटे शब्द तरी दया दाखवतील असे वाटले होते. ‘फेल बाय 20 पर्सेंट’ म्हणजे 100 चे 80 झाले आणि ‘फेल टू 20 पर्सेंट’ म्हणजे 100 चे 20 उरले. दोन्हींत फरक फक्त एका टीचभर शब्दयोगी अव्ययाचा, आणि ते मी चुकीचे टाकले. त्याहून वाईट गत ‘लिटल’ची. आम्ही थोडीफार प्रगती केली, असे विनयाने सांगावे म्हणून मी ‘लिटल प्रोग्रेस’ लिहिले. त्याचा अर्थ ‘प्रगती जवळजवळ नाहीच’ असा होतो. थोडीफार हवी असेल तर आधी ‘अ’ लावावा लागतो; एका अक्षराने माणसाची तिमाही वाचते. ‘फ्यू’चेही तसेच. ‘फ्यू’ म्हणजे नसल्यासारखे, ‘अ फ्यू’ म्हणजे काही, आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क पुष्कळ. ज्या भाषेत थोडक्याच्या मागे आणखी दोन शब्द जोडले की पुष्कळ होते, त्या भाषेत हिशेब कसा लिहितात, हे मला अजून उलगडलेले नाही.

शेवटच्या मसुद्यात मी ओळंबा, चंद्र आणि रोमन सैन्य यांना रजा दिली. पाच ठिकाणी निमूटपणे ‘डिक्रीज’ ठेवला, दोन ठिकाणी ‘डिक्लाइन’ घातला, साठा मात्र ‘ड्विंडल’ होऊ दिला, कारण साठा खरोखरच हळूहळू रोडावत गेला होता. अगदी अखेरीस, एका किरकोळ घटीसाठी, हौस म्हणून ‘मिनिस्क्यूल’ लिहिला.

साहेबांनी सगळा अहवाल वाचला आणि एकच वर्तुळ काढले, त्याच शब्दाभोवती. हा शब्द ‘मायनस’च्या कुळातला, त्यामुळे ‘एन’नंतर ‘यू’ हवा. मी ‘आय’ लिहिला होता. तिळभर या अर्थी इंग्रजीत ‘आयोटा’ म्हणतात, आणि आयोटा म्हणजे ग्रीक लिपीतले तेच ‘आय’चे अक्षर. चूक अक्षरशः आयोटाभर होती. हे मी साहेबांना सांगणार होतो, पण गोदामाचा फोन आठवला आणि मुकाट्याने ‘यू’ केला.