जोरात चोळल्याने लचक लवकर बरी होते का?

रावेर-यावल भागात केळीच्या कापणीला वेग आला, की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो: "लचक भरली की त्याच दिवशी गरम तेलाने जोर लावून चोळा, चढलेली नस कडकन आवाज होऊन जागेवर बसली पाहिजे, हलक्या हाताने काही होत नाही." यातील एकही विधान खरे नाही आणि पहिले तर अपायकारक आहे.

घोटा मुरगळतो तेव्हा हाडांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाचे तंतू ताणलेले किंवा तुटलेले असतात आणि आत रक्त झिरपत असते. अशा वेळी शेकल्याने आणि रगडल्याने सूज वाढते. पहिले 2-3 दिवस पाय उंचावर ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे धरावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबताच कळ येत असेल, तर आधी एक्स-रे काढावा. कोपराचा धोका याहून मोठा आहे, कारण मार लागलेला कोपर चोळल्याने स्नायूत हाड तयार होऊन तो आखडून बसू शकतो.

कडकन आवाज होण्याचा आणि नस बसण्याचा काही संबंध नाही. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो आवाज येतो, हे 2015 मध्ये बोटांच्या सांध्यांच्या एमआरआय चित्रीकरणात दिसले आहे.

राहिला हलका हात. दुखावलेल्या भागाभोवतीचे स्नायू त्याला सांभाळण्यासाठी घट्ट होतात, आणि जोराने दाबले की शरीर त्यांना आणखी आवळते. केळीचे घड वाहून खांदा धरलेला मजूर उपचारासाठी माझ्यासमोर बसतो, तेव्हा त्याचा खांदा कानाकडे चढलेला असतो. मी त्याच्या हाताचा सगळा भार माझ्या तळहातावर घेतो, दुसरा हात मानेच्या बुडाशी नुसता टेकवतो आणि त्याला सावकाश श्वास सोडायला सांगतो. काही मिनिटांत तो हात जड होतो आणि खांदा आपोआप खाली येतो. यात कोणतीही गाठ फुटत नाही, तुटलेला तंतूही जुळत नाही. मज्जासंस्थेला धोका नसल्याची खात्री पटते, इतकेच. हा आराम थोड्या वेळाचा असतो, म्हणून लगेच भिंतीवर बोटांनी वर चढत जाण्याचा व्यायाम करून घ्यावा लागतो. नुसता सैल झालेला खांदा दुसऱ्या दिवशी पुन्हा घडाखाली गेला, तर संध्याकाळी तो परत कानाशी चढलेला असतो.