सोव्हिएत घड्याळे, सोव्हिएत कॅमेरे आणि ‘नक्कल’ हा शिक्का

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सोव्हिएत काळातील यांत्रिक घड्याळे आणि कॅमेरे हा जर्मन व स्विस मालाचा चोरलेला अवतार आहे, त्यांत स्वतःचे असे काही नाही, घडण इतकी कच्ची की ते वापरता येत नाहीत, आणि घ्यायचेच तर लष्करी चिन्ह असलेले घ्यावे, कारण तेवढेच मोलाचे असते. मी गेली पंधरा वर्षे या वस्तू जमवतो, उघडून पाहतो आणि रोज वापरतो. या विधानांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती चटकन पटतात. पण त्यांच्या भरवशावर लोक चांगल्या वस्तू भंगारात टाकत आहेत आणि खोट्या वस्तूंसाठी दामदुप्पट पैसे मोजत आहेत, म्हणून हा प्रतिवाद.

पहिला मुद्दा चोरीचा. मॉस्कोचा पहिला घड्याळ कारखाना १९३० साली सुरू झाला तो अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन येथील ड्यूबर-हॅम्पडन या दिवाळ्यात निघालेल्या कंपनीची यंत्रसामग्री रीतसर विकत घेऊन. त्या कंपनीचे २१ जुने कारागीर रशियन कामगारांना शिकवायला मॉस्कोला गेले होते. पुढे १९३६ मध्ये फ्रान्सच्या लिप कंपनीशी करार झाला आणि युद्धानंतर आलेले १५ ज्वेलचे (ज्वेल म्हणजे चाकांचे आस टेकवायचे छोटे खडे) ‘पोबेदा’ घड्याळ त्या तंत्रातून घडले. ‘पोल्योत ३१३३’ या क्रोनोग्राफचे, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाच्या यंत्राचे, मूळ स्विस वाल्जू ७७३४ हेच यंत्र आहे, पण त्याचीही यंत्रे विकत घेतलेली होती, आणि मॉस्कोत ते जसेच्या तसे बनले नाही: मूळ १७ ज्वेलच्या जागी २३ आले आणि ठोक्यांची गती तासाला १८,००० वरून २१,६०० झाली. पैसे मोजून घेतलेल्या आणि नंतर सुधारलेल्या गोष्टीला चोरी म्हणता येत नाही.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९३४ मध्ये नियमित उत्पादनात आलेला ‘फेड’ ही लायका २ या जर्मन कॅमेऱ्याची उघड नक्कल होती, यात वाद नाही. मात्र तो कुठे बनला हे त्या मजकुरात येत नाही. खारकीव येथील कम्यूनमध्ये, अंतोन माकारेंको यांच्या शिक्षणप्रयोगात वाढलेल्या, रस्त्यावरून उचलून आणलेल्या निराधार मुलांच्या हातांनी तो बनला. ज्या काळी लायकासारखे यंत्र बनवण्याची धमक मोजक्या कारखान्यांत होती, त्या काळी पोरांनी ते जमवले, ही गोष्ट मला आजही थक्क करते. लायकाची नक्कल जपानमध्येही निक्का आणि लिओटॅक्स यांनी केली. त्यांच्याबद्दल बोलताना मात्र कोणाचा आवाज चढत नाही. शिवाय फेड तिथेच थांबला नाही. १९५५ च्या ‘फेड-२’ मध्ये मागचे झाकण पूर्ण निघते, त्यामुळे फिल्म भरणे सोपे होते. फोकस आणि चौकट एकाच खिडकीतून दिसतात. आणि रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर जुळवून फोकस ठरवणाऱ्या यंत्रणेचा, पाया (तिच्या दोन खिडक्यांमधले अंतर) ६७ मिलिमीटर, म्हणजे जुन्या लायकाच्या कितीतरी पुढे, आहे. त्यानंतर आलेल्या लायका ३जी मध्येही फिल्म तळातूनच सरकवावी लागत असे.

‘कीव’ या कॅमेऱ्याला नक्कल म्हणणे तर शब्दाचाच चुकीचा वापर आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीचा कॉन्टॅक्स कॅमेरा युद्धनुकसानभरपाईपोटी यंत्रसामग्रीसह सोव्हिएत संघाकडे गेला आणि १९४७ पासून कीवच्या आर्सेनल कारखान्यात तोच बनू लागला. सुरुवातीच्या नगांत जर्मन सुटे भागही होते. ही भरपाई न्याय्य होती की नाही, हा इतिहासाचा वेगळा प्रश्न आहे. पण पश्चिम जर्मनीत झाइसने युद्धानंतर नव्या आराखड्याचा कॉन्टॅक्स काढला, तर १९३६ च्या मूळ कॉन्टॅक्सचा वंश कीवमध्ये जवळपास चार दशके चालू राहिला. उभ्या दिशेने धावणारे धातूच्या पट्ट्यांचे ते शटर ज्यांना हातात घेऊन पाहायचे आहे, त्यांना परवडण्याजोगा मार्ग आजही कीवच आहे.

दुसरा मुद्दा, ‘स्वतःचे काही नाही’. याला उत्तर म्हणून मी १९६७ चे ‘व्होस्टोक अँफिबिया’ पुढे ठेवतो. तातारस्तानात कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावी हे २०० मीटर खोल पाण्यात टिकणारे घड्याळ मिखाईल नोविकोव आणि व्हेरा बेलोवा या अभियंत्यांनी घडवले. मागचे झाकण आणि ते आवळणारी आट्यांची कडी येथे वेगवेगळी आहेत. झाकण फिरत नाही, त्यामुळे खालचा रुंद, चपटा रबरी वॉशर पिळला जात नाही, आणि पाण्याचा दाब वाढेल तसे झाकण त्यावर अधिक घट्ट बसते. वरची काच तीन मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिकची आहे. तीही दाबाने किंचित वाकून कडेला आणखी घट्ट होते. म्हणजे ज्या पाण्याने आत शिरायचे, त्याच्याच जोरावर दार बंद ठेवले आहे. याचा आराखडा कोणत्या स्विस घड्याळातून आला, हे त्या मजकुराच्या लेखकाने दाखवावे.

कच्च्या घडणीचा आरोप बहुधा अशाच ठिकाणी जन्मतो. अँफिबियाचा क्राउन, म्हणजे चावी द्यायचे बाजूचे बटण, आटे सोडवून बाहेर आला की लटपटतो, आणि नवा मालक ते सदोष म्हणून परत करायला निघतो. वास्तविक धक्का लागून आतली दांडी वाकू नये म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. ‘झोर्की-४’ या सोव्हिएत कॅमेऱ्यात आधी शटर ताणायचे आणि मगच गतीची चकती फिरवायची, हा नियम आहे. उलट केले तर आतली यंत्रणा बिघडू शकते. माझ्याकडे आलेल्या दोन झोर्कींची अशीच गत झाली होती. लेन्सची कडी जड फिरते तेव्हाही दोष सहसा पन्नास वर्षांत घट्ट झालेल्या ग्रीसचा असतो, काचेचा नव्हे. नंतरच्या दशकांत तपासणी ढिली पडली आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक पडू लागला, हे मी मान्य करतो. म्हणून नाव पाहून नव्हे, समोरचा नग चालवून पाहून घ्यावा.

राहिला लष्करी चिन्हांचा सल्ला, आणि तो सर्वांत घातक आहे. रणगाडा, पॅराशूट किंवा लाल तारा असलेली ‘कमांदिर्स्कीये’ घड्याळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे हौशी ग्राहकांना सर्रास विकली गेली. डायलवरच्या चित्रावरून ते सैनिकाच्या मनगटावर होते असे ठरत नाही. नव्याने रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, तेव्हा निदान आपल्याला तरी रंगावर विश्वास ठेवू नये हे सांगावे लागू नये. गरुड आणि स्वस्तिक कोरलेल्या, सोनेरी मुलाम्याच्या ‘युद्धकालीन लायका’ तर बहुतेक वेळा जुन्या फेड किंवा झोर्कीचे कोरीव काम पुसून केलेल्या असतात. त्या ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. लेन्स काढावी आणि माउंटच्या, म्हणजे लेन्स बसवायच्या कडीच्या, आत वरच्या बाजूला पाहावे. रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला गोल फिरती चाकी असेल तर पुढची तपासणी करावी; नुसते चपटे टोक असेल, तर विक्रेत्याला लायकाचे नव्हे, झोर्कीचे पैसे द्यावेत.