अगं ते बघ, तिकडे!

माझ्या नवऱ्याला प्राणी दिसतात, मला दिसत नाहीत. लग्न ठरवताना पत्रिका बघितली, पगार बघितला, हे कुणीच बघितलं नाही. ताडोबाला जीपमधले सगळे एकदम उभे राहतात, माना वळवतात, श्वास रोखतात आणि मी त्यांच्या पाठी बघत बसते. मग सुरू होतं, "अगं ते ऐनाचं झाड दिसतंय ना, त्याची डावीकडची फांदी, तिच्या खाली तो काळा दगड..." ऐन कुठला आणि साग कुठला हे मला कळत असतं तर मी वनखात्यात नसते का लागले?

त्यामुळे यावेळी गाडी काढून कच्छचं छोटं रण बघायचं ठरलं तेव्हा मी जाम खूश. सगळं सपाट मैदान, प्राणी लपणार कुठे? त्यात बघायचं होतं घुडखर, म्हणजे रानगाढव, काही खार-मुंगूस नव्हे. १९६० च्या दशकात रोगराईने ही गाढवं पार काही शेंवर आली होती, २०२४ च्या गणतीत ७,६७२ भरली. अभयारण्य जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं. म्हणजे ढोबळ हिशोबाने चौरस किलोमीटरला दीड गाढव (सगळी काही आत बसून राहत नाहीत, आसपासच्या शेतातही शिरतात, पण तरी). एवढ्यातलं एक तरी दिसेलच की.

अहमदाबाद मागे टाकून विरमगामवरून दसाड्याला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जीपमधून रणात शिरलो. वाळवंट म्हणतात पण वाळू नाहीच, पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली असतं आणि मग वाळून भेगाळलेली करडी जमीन राहते, त्यावर मिठाची पांढरट साय. बघावं तिकडे काही नाही. आणि तिथेच माझा घात झाला, कारण जंगलात निदान खुणेला झाड तरी असतं हो, इथे नवरा हात लांब करून म्हणतोय, "अगं ते बघ, तिकडे!" तिकडे म्हणजे कुठे? तर "अगं, समोर जे काहीच नाहीये ना, त्याच्या जरा उजवीकडे."

मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंची नजर घारीची झालीये. त्यांना आधीच दिसलं होतं. लेकाला दिसलं होतं. जीपवाले भाई गाडी थांबवून माझ्यासाठी परत परत सांगत होते, "जुओ बेन, पेला बावळनी बाजुमां." बावळ म्हणजे वेडी बाभूळ, रणाच्या कडेला नुसती माजलीये, आणि एकीच्या शेजारी दुसरी अशी मैलभर उभी. शेवटी सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून मी म्हटलं, "हो हो, दिसलं!" सगळ्यांचे चेहरे उजळले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "किती आहेत गं?"

"तीन आहेत ना आई?"

"मला मेलीला दोनच दिसतायत." आणि मग त्या बिचाऱ्या चष्मा पुसून पुसून तिसरं शोधत बसल्या.

ऊन चढलं की आणखी मजा. जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापते, प्रकाश वाकतो आणि लांबवर चक्क तळं दिसायला लागतं. मृगजळ हो, शाळेत शिकलेलं. पण त्यात पाय नसलेलं काहीतरी तरंगत असतं आणि ते गाढव आहे, उंट आहे की मिठागरावर निघालेला आगरिया बाईकवर आहे, हे आमच्या घरात मतदानाने ठरतं.

मध्येच भाईंनी करकचून ब्रेक मारला आणि चाकापासून चार हातांवरची जमीन दाखवली. रातवा पक्षी म्हणे. सगळे "ओह्हो!" मी बघतेय तर माती. नीट बघितलं तर अजून माती. उठावं आणि उतरून हात लावून बघावं म्हणतेय, तोच त्या मातीने एक डोळा अर्धवट उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला.

घुडखर मात्र शेवटी असं दिसलं की दाखवायला कुणी लागलं नाही. वेड्या बाभळीच्या शेंगा खात रस्त्यालगतच उभं होतं. वरून बदामी, पोट पांढरं, मानेच्या आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा, अंगावर कुठे धूळ म्हणून नाही. गाढव म्हणायला जीभ रेटेना. जीपने जरा वेग घेतला तसं तेही पळायला लागलं, ताशी सत्तरच्या आसपास पळतं म्हणे, आणि पुढे जाऊन आमच्या समोरूनच आडवं निघून गेलं. नवरा तेव्हा लेन्स बदलत होता. मी काही बोलले नाही. संसार करायचाय.

फ्लेमिंगोही दिसले, लांब गुलाबी रेघ. ते ठाण्याच्या खाडीतही येतात, टोल वाचला असता. पुढे काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे, तिथे कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालतात, तिथे सासूबाईंनी आरतीला जो सूर लावला त्यात कोल्हे आले असते तरच नवल. धोरडोचं पांढरं रण मला सगळ्यात आवडलं. तिथे बघण्यासारखं काहीच नाही आणि ते सगळ्यांना दिसतं.

घरी आल्यावर नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर रणाचा फोटो टाकला, मधोमध लाल गोल, गोलात ठिपका, खाली 'घुडखर, झूम करून बघा'. धडाधड अंगठे, बदाम, 'वा, नशीबवान आहात'. रात्री लेकाने खरंच झूम करून बघितलं तर ते मिठागरातल्या पंपाचं सोलर पॅनल निघालं. पण तोवर डिलीट करायची वेळ टळून गेली होती, चिंचवडच्या मावशींनी लिहिलं होतं, 'अगंबाई, शेजारी पिल्लू पण आहे!'