अर्ध्या पावडरीचा सल्ला आणि नाल्याचा वास: सुदामानगरच्या ताईंना उत्तर

सुदामानगरच्या ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगायचं तर आधी रागच आला. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली, तेव्हा एका मुद्द्यावर मी सरळ चुकले आहे हे लक्षात आलं. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की टॉप लोड, म्हणजे वरून उघडणाऱ्या कपड्यांच्या मशीनला येणारा वास बहुतेक वेळा आपणच टाकलेल्या जादा साबणाचा असतो. तेव्हा पावडर अर्ध्यावर आणा, कपडे मऊ करायचं सॉफ्टनर बंद करा, झाकण उघडं ठेवा. त्यावर ताईंनी लिहिलंय: "तीन आठवडे अर्धी पावडर टाकली. आमच्याकडे बोरिंगचं पाणी. कॉलर काळ्या राहिल्या आणि टॉवेलना आधी नव्हता तो वास यायला लागला. दर महिन्याला व्हिनेगर आणि खायचा सोडा टाकून मशीन धुते, तरी सकाळी झाकण उघडलं की नाल्यासारखा भपकारा येतो. दुकानदार तर म्हणाला होता टॉप लोडला वास येतच नाही. मशीन वाईट बनवायच्या कंपन्यांनी आणि तुम्ही खापर फोडणार बायकांच्या माथ्यावर! आता नवीन मशीन घ्यायची का तेवढं सांगा."

पावडरीपासून सुरू करते, कारण चूक तिथे आहे. मी इंदूरच्या रामबागेत राहते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं, एक दिवसाआड, पण टाकी मोठी आहे म्हणून पुरतं. अर्ध्या पावडरीचा हिशेब मी या पाण्यावर बसवला आणि सगळ्या इंदूरला सांगून मोकळी झाले. बोरिंगच्या पाण्यात हा हिशेब उलटा पडतो. माळव्याच्या काळ्या खडकातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. साबणाचा पहिला घास हे क्षारच खातात, उरेल त्यात कपडे निघायचे. त्यात मी तुम्हाला पावडर निम्मी करायला लावली, म्हणजे टॉवेलांच्या वाट्याला काही उरलंच नाही. अंगाचं तेल, घाम, मेलेली त्वचा सगळं धाग्यांत तसंच राहिलं.

आणि नेमकं तेच वास करणाऱ्या जंतूंचं जेवण. धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासाचा जपानी संशोधकांनी माग काढला, तेव्हा २०१२ साली मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जीवाणूवर बोट ठेवलं. अंगाच्या तेलकट मळावर जगताना तो एक आम्ल तयार करतो, आणि ओल्या फडक्याचा तो ओळखीचा वास मुख्यतः त्या आम्लाचा. हा जीवाणू वाळवणीलाही दाद देत नाही. म्हणून तुमचा टॉवेल घडीत ठेवताना ठीक वाटतो आणि आंघोळीनंतर तोंड पुसायला घेतला की नाक मुरडावं लागतं. तो वास नव्याने आलेला नसतो, पाणी मिळताच जागा होतो एवढंच.

पाणी किती कठीण, म्हणजे किती क्षारांचं आहे ते घरीच बघता येतं. शाळेत मी मुलांकडून हा प्रयोग करून घ्यायची. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोरिंगचं, दोन्ही अर्ध्या भरलेल्या. अंगाचा साधा साबण किसून दोन्हींत सारखाच, चिमूटभर टाका (कपड्यांची पावडर नको, तिने फरक नीट कळत नाही). झाकण लावून खळखळून हलवा. मऊ पाण्यात वर फेस उभा राहतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. कठीण पाण्यात फेस बसतो, पाणी ताकासारखं गढूळ होतं आणि काचेला पांढरट चोथा चिकटतो. तो चोथा म्हणजे फुकट गेलेला साबण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा साबणाच्या बाबतीत तिप्पट खादाड असू शकतं.

तेव्हा ताई, बोरिंगच्या पाण्यात पावडर पाकिटावर लिहिली आहे तेवढी पूर्ण टाका. सुती कपड्यांबरोबर चमचाभर धुण्याचा सोडा टाकलात तर आणखी बरं, तो क्षारांना आधीच बाजूला करतो. लोकर आणि रेशीम मात्र त्यापासून लांब ठेवा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तुमच्याकडे नर्मदेचा नळ असेल तर नळाच्या दिवशी मशीन लावा. नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर चढवून आणलेलं पाणी लोक सकाळी उठून गाड्यांवर ओततात, त्यापेक्षा चादरी निघालेल्या काय वाईट? मूळ लेखात मी ही दुरुस्ती टाकली आहे.

पण म्हणून जादा साबणाचा मुद्दा मी सोडलेला नाही. तो मी पुस्तकात वाचून लिहिलेला नव्हता, मी तो माझ्याच मशीनच्या पोटात पाहिला आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या मशीनमधून पांढऱ्या कपड्यांवर करडे पापुद्रे यायला लागले. मेकॅनिकला बोलावलं. त्याने ड्रमच्या तळाची चकरी, मधला एकच स्क्रू काढून, दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी उचकटून वर काढली. चकरी उलटी केली आणि मी दोन पावलं मागे सरले. खालच्या फासळ्यांमध्ये गार झालेल्या पिठल्यासारखा करडा लगदा बसला होता, बोट घातलं तर पेरभर रुतेल इतका जाड. त्यात एक रुपयाचं नाणं, केसांचे दोन आकडे, राखीचा लाल दोरा आणि न विरघळलेल्या पावडरीचे खडे. वास आंबूस आणि ओशट, दोन्ही एकदम. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "मैडम, आपने तो अंदर रबड़ी जमा रखी है." सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, त्यानंतर बरेच महिने मी रबडी घेतली नाही.

आपल्याला दिसतो तो स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेर प्लॅस्टिकचा दुसरा टब असतो आणि पाणी या दोघांच्या मधल्या जागेतही भरतं. तिथे आपला हात जात नाही, घासणी जात नाही. गार पाण्यात पावडर अर्धवट विरघळते, सॉफ्टनरचा मेणचट थर भिंतीला धरतो, त्यात कपड्यांचा मळ आणि कापसाचे धागे अडकतात. या सगळ्यावर जंतूंची बुळबुळीत साय धरते. ड्रमच्या वरच्या कड्याखाली बोट फिरवून बघा, तिथली साय हाताला लागेल. सॉफ्टनरबद्दल माझं मत अजिबात बदललेलं नाही. त्याने टॉवेल मऊ लागतो खरा, पण पाणी कमी टिपतो, म्हणजे ज्यासाठी टॉवेल घ्यायचा तेच काम बिघडतं.

आता व्हिनेगर आणि खायचा सोडा. ही जोडी एकत्र टाकली की छान फसफसते आणि काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. ही मजा मी आठवीच्या मुलांना ज्वालामुखी करून दाखवायची. आम्ल आणि अल्कली एकमेकांना खाऊन टाकतात, वायू उडून जातो, मागे थोडं मीठवजा पाणी उरतं. बरं, नुसतं व्हिनेगर टाकलं तरी हिशेब करून बघा. एक वाटी म्हणजे साधारण २०० मिली, त्यात ४ टक्के आम्ल धरलं तर ८ ग्रॅम. ते टबभर, म्हणजे ६० लिटर पाण्यात मिसळणार. तुमच्या बोरिंगच्या पाण्यातल्या क्षारांनाच ते पुरणार नाही, टबाच्या भिंतीवरच्या थरापर्यंत पोचणार कधी? दर महिन्याला तुम्ही मेहनत केलीत, याबद्दल मला शंका नाही. ती मेहनत तुम्हाला चुकीच्या ठिकाणी करायला लावली, मोबाइलवरच्या त्या व्हिडिओवाल्यांनी.

साय काढायला ऑक्सिजन ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, आणि ते गरम पाण्यात खरं काम करतं. टब रिकामा ठेवून पाणी सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत घ्यायचं, कारण खरा चिकटा वरच्या कडेला असतो. गीझरचं जितकं गरम मिळेल तितकं बादल्यांनी ओतायचं, पण उकळतं नको, टब प्लॅस्टिकचा आहे. १०० ग्रॅम पावडर टाकून पाच मिनिटं फिरवायचं, तासभर मुरू द्यायचं, पुन्हा फिरवून सोडायचं आणि स्वच्छ पाण्याने एक फेरी द्यायची. पहिल्यांदा कराल तेव्हा वर जे तरंगेल ते बघून घाबरू नका, गाळणीने काढून टाका. पांढरा दगडी थर असेल तर त्याला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड लागतं, पण ते वेगळ्या दिवशी. बाजारात ‘डिस्केलिंग’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत कधी हे असतं, कधी ते, तेव्हा मागची बाजू वाचून घ्या. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: साधं क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबूफूल किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड एकत्र टाकायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या मशीन बंद बाथरूममध्ये असतात.

हे सगळं लिहिलं खरं, पण ताई, तुमच्या सकाळच्या भपकाऱ्याचं कारण यांतलं काहीच नसावं असं मला वाटतं. मराठीत वासाला शब्द उगाच इतके नाहीत. कुबट असेल तर कपडे ओले राहिलेत. ओशट-आंबूस असेल तर साबण आणि तेलाचा थर. जळक्या रबराचा असेल तर पट्टा बघायला मेकॅनिक बोलवा. तुम्ही लिहिलंत ‘नाल्यासारखा’, आणि तोही सकाळी, म्हणजे रात्रभर सगळं बंद असताना साठलेला. तो मशीनचा नसून बहुधा नाल्याचाच आहे.

मशीनचा मागचा पाइप कुठे सोडलाय ते बघा. बहुतेक घरांत तो नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाच्या, जाळीतून खोल खुपसलेला असतो, आणि पाणी उडू नये म्हणून भोवती चिंधी नाहीतर टेप गुंडाळलेली असते. ट्रॅपमध्ये चार बोटं पाणी उभं असतं, तेच गटाराचा वायू अडवतं. पाइपाचं टोक त्या पाण्याच्या पलीकडे गेलं किंवा ट्रॅप सुकला, तर वायूला वर यायला आयता रस्ता मिळतो. पाणी सोडायचा वाल्व बंद असला तरी बऱ्याच मशीनमध्ये जादा पाणी वाहून जायला टबातून एक वाट थेट बाहेरच्या पाइपला जोडलेली असते. त्या वाटेने तो वर चढतो आणि झाकणाखाली तुमची वाट बघत बसतो.

खात्री करायला एक पैसा लागत नाही. रात्री पाइप ट्रॅपमधून काढा, त्याचं टोक कोरड्या बादलीत सोडा, झाकण बंद करून झोपा. सकाळी झाकण उघडून वास घ्या. नसेल, तर पाइप जाळीच्या वर दोन बोटं मोकळा राहील असा बांधा आणि ट्रॅपमध्ये रोज तांब्याभर पाणी ओतत जा. पाइपाला मध्ये झोळ असेल तर तोही काढा, तिथे पाणी साठून सडतं. वास तसाच असेल, तर मी चुकले आणि चकरी उघडावी लागेल.

दुकानदाराचं म्हणाल, तर समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराला रबराची घडी असते, तिथे पाणी साचून लवकर वास धरतो. टॉप लोडला ती घडी नाही. यावरून त्याने ‘येतच नाही’ केलं. विकायचं होतं त्याला.

आणि खापराबद्दल. हे वाचून मला लागलं, कारण मूळ लेखात मी ‘आपण बायका’ असंच लिहीत गेले होते, जणू घरातले पुरुष कपडे घालतच नाहीत. आमच्याकडे घामेजलेले बनियन थेट मशीनमध्ये फेकून झाकण लावणारे गृहस्थ कोण आहेत ते इथे लिहीत नाही, ते हा ब्लॉग वाचतात. मळके कपडे दोन दिवस मशीनमध्ये साठवणं, ही एक सवय बंद केली तरी निम्मा फरक पडतो. कपड्यांना बाहेर टोपली ठेवा.

कंपन्यांवरचा तुमचा राग मात्र मला पटतो. ज्या जागेत हात जात नाही ती जागा साफ करायची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकायची आणि पाणी तापवायची सोय महागड्या मॉडेललाच द्यायची, हे बरं नाही. माझ्या आजेसासूबाई बंबातल्या कढत पाण्यात सोडा घालून पंचे आणि चादरी भिजवायच्या, त्यांच्या पंच्याला कधी कुबट वास आला असेल असं मला वाटत नाही. आपण बंब काढला, उन्हाची गच्ची काढली आणि गार पाण्याचं मशीन बसवलं. पंधरा-वीस दिवसांतून एकदा टॉवेल आणि चादरींना गीझरचं पाणी द्या, जमेल तेवढ्या उन्हात वाळवा.

झाकण उघडं ठेवायचं मात्र घरात लहान मूल असेल तर विसरा. त्यापेक्षा शेवटचा कपडा काढल्यावर तास-दोन तास, तुम्ही समोर असताना उघडं ठेवा, धाग्यांची जाळी काढून झटका, मग बंद करा.

नवीन मशीन अजून घेऊ नका. आधी बादलीचा प्रयोग. त्याने नाही भागलं तर मेकॅनिकला चकरी उघडायला सांगा, आणि तो काम करेल तेव्हा स्वतः शेजारी उभ्या राहा. काय निघालं ते इथे नक्की लिहा, माझं नाणं एक रुपयाचं होतं.