लांडग्यांच्या सिनेमावर मत कसं द्यावं

सिनेमा सुरू झाला की पाचव्या मिनिटाला विचारा, "विमान कधी पडतं?" 'द ग्रे' या इंग्रजी सिनेमात विमान पडतं एवढं तुम्हाला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतंच. तेव्हा ते पडेपर्यंतचा सगळा भाग म्हणजे जाहिराती, असं समजून फोन उघडावा. अलास्कातली तेल कंपनीची वस्ती, कामगारांवर चालून येणारे लांडगे टिपायला पगारावर ठेवलेला नायक ऑटवे, रात्री बर्फात जाऊन त्याने बंदुकीची नळी स्वतःच्याच तोंडात धरणं, तेवढ्यात लांडग्याने हेल काढणं आणि याने थांबणं, हे सगळं चुकवावं. मग पाऊण तासाने विचारावं, "हा असा सुतकी चेहरा करून का हिंडतोय?"

विमान पडलं की खरी तुमची वेळ. एक जखमी रक्त जाऊन मरतोय. ऑटवे त्याला सरळ सांगतो की तू मरणार आहेस, आणि जीव जाईपर्यंत त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहतो. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल. इथे म्हणावं, "एवढ्या माणसांत एक डॉक्टर नाही?"

वाचलेले लोक मेलेल्यांची पाकिटं गोळा करतात, घरच्यांना द्यायला म्हणून. "पैसे ढापतोय बघ."

एक जण नदीकाठी ओंडक्याला टेकून बसतो, समोरचे डोंगर बघतो आणि सांगतो, मी काही आता पुढे येत नाही. "आळशी."

बर्फ खोटा आहे असं म्हणायला विसरू नका. शूटिंग कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या स्मिदर्सजवळ, खऱ्या बर्फात आणि खऱ्या थंडीत झालं होतं, पण तुमचं आपलं मत. (लांडगे मात्र बऱ्याच ठिकाणी खोटे वाटतात. यांत्रिक बाहुले आणि कॉम्प्युटर, आणि ते दिसतं. एवढा एक गुण तुम्हाला.)

लांडग्यांचा विषय निघालाच आहे तर लगेच प्राणिशास्त्रज्ञ व्हावं. दोन पक्ष उपलब्ध आहेत. पहिला पक्ष: "कळपाचा अल्फा, म्हणजे म्होरक्या, मारामारी करूनच ठरतो, ऑफिसातही तसंच असतं." ही समजूत पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांवरच्या 1947 सालच्या अभ्यासातून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती जगभर नेली आणि 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, म्हणजे घरच. दुसरा पक्ष: "लांडगे माणसाच्या वाटेला जातच नाहीत, असल्या सिनेमावर बंदीच घाला." बहुतांश खरं आहे. उत्तर अमेरिकेत माणूस मेल्याच्या घटना अगदी विरळा, अलास्कातच 2010 साली एक नोंदली गेली होती. 2012 मध्ये प्राणिमित्र संघटनांनी सिनेमाविरुद्ध आवाज उठवला तो उगाच नव्हता. सिनेमाने लांडग्यांवर अन्याय केलाय हे मलाही पटतं. पण हे मला ऐकवणाऱ्या गृहस्थांनी सासवडकडच्या माळावरचा लांडगा कधी पाहिलेला नाही. सासवडला ते प्लॉट बघायला जातात.

आता शेवट. शेवटावर तर तुमचा जन्मसिद्ध हक्क. ट्रेलरमध्ये ऑटवे दारूच्या छोट्या बाटल्या फोडून मुठीला बांधतो आणि लांडग्यावर धावतो. लोकांनी तिकिटं काढली ती त्या झटापटीसाठी, आणि सिनेमा नेमका तिथेच काळा होतो. ट्रेलरवाल्यांनी गंडवलं, मान्य. चिडलेल्या त्या लोकांबद्दल मला सहानुभूती आहे. पण तुम्ही ट्रेलरही पाहिलेला नाही! तुम्ही परवा आमच्या घरी सोफ्यावर बसून म्हणालात, "संपला? पैसे संपले वाटतं यांचे." आणि मी रिमोटला हात घालेपर्यंत नामावली कोपऱ्यात चिमटून पुढचं भलतंच काहीतरी सुरू झालं होतं. नामावलीनंतर काही सेकंदांचं एक दृश्य आहे, त्यातही कोण जिंकलं ते धड कळत नाही, पण ते आहे. ते मला दाखवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "राहू दे, मॅचचे हायलाइट्स लाव."

आणि वर विचारलंत, "बायको का सोडून गेली ते सांगितलंच नाही." सांगितलंय हो! ती सोडून गेलेली नाही. अख्ख्या सिनेमाभर ती ऑटवेच्या आठवणींत त्याच्या शेजारी पांढऱ्या चादरीवर पडलेली दिसते आणि भिऊ नकोस म्हणते. अगदी शेवटी कॅमेरा जरासा सरकतो आणि सलाइन दिसतं. एवढंच. तोंडी कुणी काही सांगत नाही. त्या एका दृश्यात तोंडातली बंदूक, मरणाऱ्याचा धरलेला हात, पाकिटं, सगळं कळतं. ते सलाइन पडद्यावर होतं तेव्हा तुम्ही आमच्या हिला विचारत होतात, "वहिनी, भेळेवर पिळायला लिंबू आहे का?"

मग पानावर बसल्यावर अर्धा तास पटकथेतल्या चुका. "स्लो आहे. लॉजिक नाही. दोन स्टार." अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी आयुष्यभर सिनेमे पाहिले. त्यांनी हा पाहिला आणि त्याच दिवशीचा पुढचा सिनेमा मध्येच सोडून ते उठून गेले, कारण हा डोक्यातून जाईना. तुम्हीही मध्येच उठलात. चार्जर शोधायला.

अहो, पाहिलाच कुठे तुम्ही सिनेमा? आवडला नाही तर नका आवडू देऊ, भांडा माझ्याशी, मला आवडेल. पण आधी पाहा तरी! 117 मिनिटं. तेवढा वेळ मान वर ठेवता येत नाही आणि मत मात्र खणखणीत, तेही दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याची भेळ खाऊन. लाज वाटायला हवी. पुढच्या शनिवारी फोन बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवायचा. ते जमणार नसेल तर नऊ वाजता नुसतं जेवायला या, सिनेमा आम्ही तुम्ही गेल्यावर लावू.